बागेच्या वरच्या अंगाची भिंत

"मग ही सुटती कधी?"

"सुटतच नाही, आक्का. तेच तर."

आक्कांनी स्की हातात फिरवली. तिच्यावर बसवलेलं, बूट धरून ठेवणारं नवं बाइंडिंग खालून पाहिलं, वरून पाहिलं. ओट्यावर ठेवलेला चहा निवत चालला होता.

"सुटतच न्हाई," त्या म्हणाल्या. "बरं."

शार्दूल मिरीकरला हे 'बरं' कौतुकाचं वाटलं. नव्या माणसाला तसं वाटतं.

शार्दूल पुण्याचा. एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग डिझाइन करायचा आणि हिवाळा आला की रजा टाकून हिमाचलात यायचा. बर्फाचे डोंगर स्कीवरून उतरणारे पुष्कळ असतात. हा चढायचाही स्कीवरूनच. तारेवरच्या पाळण्यात बसून वर जाणं आणि घसरत खाली येणं हे त्याच्या मते सहलीचं काम होतं, आणि हे मत तो न विचारता सांगायचा.

आक्का म्हणजे मालन देसाई. मूळच्या गडहिंग्लजच्या. बर्फ पहिल्यांदा पाहिला तेव्हा तरण्याताठ्या होत्या आणि तो त्यांनी आधी खाऊन बघितला होता. पुढे गिर्यारोहणाच्या संस्थेत उभी हयात स्की शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर गावी परतल्या नाहीत. बियास नदीच्या वरच्या खोऱ्यात पत्र्याचं घर बांधलं, सफरचंदाची बाग लावली. येतील त्यांना शिकवत राहिल्या. गडहिंग्लज मात्र त्यांच्या जिभेवरून काही उतरलं नाही.

बागेला खालच्या अंगाला कुंपण नव्हतं. वरच्या अंगाला, जिथे नुसता डोंगर होता, तिथे मात्र छातीएवढी दगडी भिंत होती. का, ते कुणी विचारत नसे. म्हातारीचं डोकं, म्हणून सोडून देत.

आक्कांची एक पद्धत होती. मोसम संपता संपता त्या एका शिष्याला घेऊन मागची खिंड ओलांडत आणि पलीकडच्या लाहौल खोऱ्यात उतरत. एकालाच नेत. शार्दूलने दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा उत्तर आलं होतं, "पुढच्या वर्साला बघू."

यंदा त्यांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं की ही शेवटची खिंड. गुडघे नको म्हणतात.

म्हणजे शार्दूलला पुढचं वर्ष उरलं नव्हतं. म्हणून तो उन्हाळाभर खपला होता. बाजारातली सगळी हलकी बाइंडिंगं त्याने शोधली, वाचली, मागवली, परत पाठवली. शेवटी हे निवडलं. तळहातावर मावत होतं.

"सुटलीच तर अडवायला ब्रेक कुठं हायत?" आक्कांनी विचारलं.

"ब्रेकचं नाही घेतलं. उगाच वजन."

"पायाला बांधायची दोरी?"

"दोरी नको. हिमस्खलन झालं तर स्की गाडली जाते आणि दोरी माणसालाही आत ओढते. तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं खरं."

आक्कांनी बाइंडिंगवर अंगठा फिरवला. शार्दूल वाट पाहत राहिला. आता जडपणाच्या बाजूने भाषण येणार, त्याला उत्तर त्याने तयार ठेवलं होतं.

"चांगलं हाय," आक्का म्हणाल्या. "हलकंच घ्यावं. दिवसभर पाय उचलायचा असतो."

त्यांनी दाराआडून आपल्या स्की काढल्या. त्यांच्यावरचं बाइंडिंग तसलंच होतं, इवलंसं, फक्त रंग उडालेलं. शार्दूल बघत राहिला.

"मला वाटलं तुम्ही जड वापरत असाल."

"का? म्हातारी हाय म्हणून?"

शार्दूलचं तयार ठेवलेलं उत्तर वाया गेलं.

"आक्का, खिंडीचं…"

"वर देवदारापतोर जाऊन येऊ. मग सांगते."

इथे थोडं समजून घ्यावं लागेल. चढाईच्या स्कीचं बाइंडिंग म्हणजे दोन तुकडे. पुढचा तुकडा चिमट्यासारखा. त्याच्या दोन पिना बुटाच्या नाकाला दोन बाजूंनी धरतात. चढताना टाच मोकळी राहते, म्हणून पाऊल टाकता येतं. उतरताना टाचसुद्धा मागच्या तुकड्यात दाबून बसवायची. चिमट्यापुढे एक खटका असतो. तो वर ओढला की चिमट्याला कुलूप लागतं. चढताना हे कुलूप हवं, नाहीतर वाकड्या पावलाला स्की निघून येते. उतरताना ते काढायचं. मग माणूस वेडावाकडा पडला तर स्की पायातून सुटते आणि गुडघा शाबूत राहतो. शास्त्र एवढंच. बाकी सगळं दुकानदाराचं बोलणं.

दोघं निघाले. स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवलेल्या होत्या, त्यामुळे स्की पुढे सरकत होती आणि मागे घसरत नव्हती. शार्दूल लवकरच पुढे गेला. हलक्या बाइंडिंगचं सुख त्याच्या मांड्यांना कळत होतं. मध्ये एकदा वळून त्याने पाहिलं. आक्का बऱ्याच खाली होत्या आणि त्यांच्या चालीत काही बदल नव्हता.

देवदारांपाशी पोचून तो थांबला. तळाच्या पट्ट्या सोलल्या, गुंडाळल्या, पिशवीत टाकल्या. बूट पुन्हा चिमट्यात दाबला. खट् वाजलं. टाच बसवली. आक्का पोचल्या तेव्हा तो उतरायला तयार उभा होता, हाताची घडी घालून.

आक्कांनी आधी श्वास जागेवर आणला. मग अंबाड्यातला आकडा उपसला, वाकून आपल्या बुटाच्या नाकातली भोकं त्याने कोरली. बर्फाचे दोन बारीक खडे पडले. चिमट्याखालचा बर्फही खरवडून काढला.

"तू कोरलीस?"

"खट् वाजलं की, आक्का. बसलाय नीट."

"आवाजावर जाऊ नगंस. बर्फ बी खट् करतो."

"आक्का, मी हे इतक्या वेळा…"

"काढ."

त्याने पाय काढला. आकडा घेतला. उजव्या बुटाच्या एका भोकात बर्फ गच्च बसला होता. पिन अर्धीच आत गेली असणार. त्याने ते कोरलं. आक्का काही बोलल्या नाहीत, आणि हे त्याला जास्त लागलं.

"आता टाच न लावता पाय हलव. पुढं-मागं. हं. आता बसला."

त्याने टाच बसवली. दोन्ही पायांची. मग खाली वाकून पुढच्या खटक्यांना हात लावला आणि सरळ झाला.

आक्कांच्या शाळेत एक रीत होती. उतरायच्या आधी प्रत्येकाने जोडीदाराचे खटके बघायचे. आपले नाही, जोडीदाराचे. आपले आपण बघितलेले चालत नसत. यावर नवे लोक चिडत. शार्दूलही दोन वर्षांपूर्वी चिडला होता.

"दाखव," आक्का म्हणाल्या.

"बघितलेत मी."

"माझं तू बघ. तुझं मी बघते."

त्याने त्यांचे बघितले. खाली होते, मोकळे. आक्का गुडघ्यावर हात ठेवून वाकल्या. वाकायला त्यांना वेळ लागला.

त्याचे दोन्ही खटके वर होते. शेवटपर्यंत ओढलेले. कुलूप.

"आक्का, ते…"

"नंबर कितीवर लावलायस?" किती जोर बसला की स्की सुटावी, ते ठरवायला मागच्या तुकड्यावर एक स्क्रू असतो. त्याबद्दल त्या विचारत होत्या.

"कोष्टकाप्रमाणे. वजन, उंची, बुटाची लांबी, सगळं धरून. दोनदा तपासलाय. अगदी बरोबर आहे."

"बरोबरच असणार. हुशार हायस." त्या सरळ झाल्या. "किती जोरात सुटावी त्येचा हिशोब केलास. दोनदा केलास. आणि वर कुलूप घातलंस."

शार्दूल लाल झाला. थंडीमुळे ते फारसं कळलं नाही.

"खिंडीच्या पलीकडं कडा आहे. तिथं स्की सुटली तर माणूसच गेला. तिथं सगळे कुलूप लावतात."

"लावत्यात. मी बी लावते. तेवढ्या एका जाग्याला." आक्कांनी खाली बोट दाखवलं. झाडांमधून सौम्य, गुबगुबीत उतार थेट बागेपर्यंत गेला होता. "ही ती जागा हाय का?"

"नाही."

"मग हितं कुणाला भ्यालास?"

त्याने डोळे दुसरीकडे नेले.

"त्या झाडाला धर," आक्का म्हणाल्या. "दोन्ही हातांनी. उजवा पाय जरा उचल."

तो देवदाराला मिठी मारल्यासारखा उभा राहिला. आक्का समोर आल्या आणि त्यांनी आपल्या बुटाने त्याच्या स्कीचं टोक बाजूला रेटायला सुरुवात केली. हळूहळू रेटलं. स्की वळली. तिच्याबरोबर बूट वळला, बुटाबरोबर नडगी वळली. स्की सुटायला तयार नव्हती, म्हणून मग गुडघा वळायला लागला.

"आक्का! आई गं… आक्का, थांबा!"

त्या थांबल्या. एवढा जोर म्हणजे काहीच नव्हता. एका म्हातारीचा एक पाय.

"आता खटका खाली कर."

तो वाकला. हात खटक्यावर ठेवला. हात तिथेच राहिला.

आक्का वाट बघत राहिल्या. वर कुठेतरी एका फांदीवरून बर्फ घसरून पडला.

शेवटी त्याने खटका खाली दाबला आणि पुन्हा झाड धरलं. आक्कांनी पुन्हा टोक रेटलं. तितकंच. गुडघ्याला ताण कळायच्या आत टक् झालं आणि स्की पायातून सुटून बर्फावर पडली.

ती आक्कांच्या पायाजवळ पडली. जरा थबकली. मग सरकायला लागली.

वाकून धरता आली असती. आक्कांनी धरली नाही.

ब्रेक नव्हता, दोरी नव्हती. स्कीने वेग घेतला. एका झाडाला वळसा घातला, दुसऱ्याला घातला, आणि उताराच्या फुगवट्यामागे दिसेनाशी झाली. हलकी होती. छान गेली.

"माझी स्की!"

"व्हय. तुझीच."

शार्दूल दुसऱ्या स्कीवर एकटाच उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, आणि एवढ्या उताराला घाबरणारा तो माणूस नव्हता.

त्याने उरलेली स्की काढली आणि एक पाऊल टाकलं. मांडीपर्यंत आत गेला. बाहेर निघाला, दुसरं टाकलं, पुन्हा तेच.

मागे टक्-टक् आवाज झाला. त्याने वळून पाहिलं. आक्कांनी आपल्याही स्की काढल्या होत्या आणि त्या पाठीवरच्या पिशवीला बांधत होत्या.

"तुम्ही कशाला? तुम्ही घसरत जा ना खाली. मी येतो मागून."

आक्का त्याला ओलांडून पुढे गेल्या आणि वाट फोडायला लागल्या. मांडीपर्यंत आत, मग बाहेर. प्रत्येक पावलाला त्यांचा एक हात गुडघ्यावर जात होता.

शार्दूल जागचा हलला नाही.

"काय झालं?"

"मी हेच म्हणालो होतो तिला," तो म्हणाला. "अगदी हेच शब्द."

"कुणाला?"

"ओवीला. धाकटी बहीण माझी."

"ये. चालत चालत सांग. थांबलं की थंडी धरती."

तो त्यांच्या पावलांच्या खड्ड्यांत पाय ठेवत चालायला लागला आणि सांगायला लागला. आधी कधी त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं. तीन हिवाळ्यांपूर्वी दोघं भावंडं एका मोठ्या उतारावर होती. त्याची स्की सुटली आणि खाली नाल्यात गेली. ओवीच्या स्की पायात होत्या. ती अर्ध्या तासात तळावर पोचली असती.

"मी म्हटलं, तू घसरत जा, मी येतो मागून. ती काही बोलली नाही. स्की काढल्या आणि पुढं होऊन वाट फोडायला लागली."

"हं."

"संध्याकाळ झाली पोचायला. तिच्या बुटात बर्फ गेला होता. मला बोलली नाही." तो थांबला. आक्का चालतच होत्या म्हणून तोही चालायला लागला. "पायाच्या दोन बोटांची टोकं गेली, आक्का. माझी स्की सुटली म्हणून."

आक्कांनी पुढचं पाऊल टाकलं.

"त्यानंतर ती बर्फात आली नाही. मी येतो. आणि माझी स्की सुटत नाही."

"म्हणून कुलूप."

"हो."

"दुधानं तोंड पोळलं."

"हो."

"ती काय म्हणती?"

"कोण?"

"ओवी. कशापायी थांबली, काय म्हणाली?"

शार्दूलच्या बुटांचा करकर आवाज येत राहिला.

"विचारलं नाही," तो म्हणाला. "विचारायची छाती झाली नाही."

मग तो रडला. चालता चालता रडला. मांडीभर बर्फात चालणाऱ्याचं रडणं आणि धापा टाकणं लांबून सारखंच दिसतं. आक्कांनी मागे वळून पाहिलं नाही. फक्त चाल थोडी मंद केली. ती गुडघ्यांसाठी केली की त्याच्यासाठी, ते सांगता येणार नाही.

फुगवटा ओलांडल्यावर बाग दिसली. बागेच्या वरच्या अंगाची ती दगडी भिंत दिसली. आणि भिंतीला टेकून, बर्फात टोक रुतवून, शार्दूलची स्की उभी होती.

तो धावला. धावला म्हणजे पडला, उठला, पुन्हा पडला. स्की उचलून त्याने तिच्यावरून हात फिरवला. टोकाला एक टवका उडाला होता, बाकी काही नाही. मग त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं.

दगडांवर ओरखडे होते. लाल, निळे, पिवळे. काही जुने, उन्हाने विटलेले. काही अलीकडचे. आता त्यात एक हिरवा वाढला होता, आणि शार्दूलची स्की हिरवी होती.

"आक्का, ही भिंत…"

"सफरचंदं चोरायला पोरं खालनं येत्यात," आक्का भिंतीला टेकून बसत म्हणाल्या. "वरनं कोण येतंय?"

त्याला हसू आलं. डोळे अजून ओले होते.

आक्का दोन्ही गुडघे चोळत बसल्या. चेहऱ्यावर दुखणं स्पष्ट दिसत होतं, आणि त्या ते लपवत नव्हत्या. शार्दूलने ते पाहिलं. खिंडीचं विचारायचं त्याच्या ओठावर आलं होतं, ते त्याने गिळलं. ज्या गुडघ्यांवर त्या खिंड ओलांडणार होत्या, ते त्यांनी आज त्याच्या एका स्कीपायी बर्फात घातले होते. आता कुठल्या तोंडाने विचारणार?

"भिंतीच्या कडंनं खाली घरापतोर उतार हाय," आक्का म्हणाल्या. "चालत कशाला? घाल."

त्यांनी आकडा पुढे केला.

त्याने दोन्ही बुटांची भोकं कोरली. चिमट्याखालचा बर्फ काढला. बूट बसवला, टाच न लावता पाय पुढे-मागे हलवला, मग टाच दाबली. घाई केली नाही. आक्कांनीही आपल्या स्की चढवल्या.

मग तो खटक्यांपाशी आला. उजवा खाली होता. डावा सवयीने वर ओढला गेला. तो त्याने खाली दाबला.

"बघा," तो म्हणाला.

आक्का वाकल्या. दोन्ही बघितले. मग आपले दाखवले. त्याने बघितले.

आता निघायचंच होतं. पण शार्दूल निघाला नाही. मान खाली घालून स्कीच्या टवका उडालेल्या टोकाकडे बघत राहिला.

"आक्का…"

"बोल."

"आणि खिंडीत सुटली तर?"

आक्कांनी त्याच्या हातातला आकडा घेतला, पुसला आणि अंबाड्यात खोचला.

"तर दोघं चालत येऊ."